विद्यावतीच्या नावाने नकार

१९८८ च्या मे महिन्यात विद्यावतीचं डोकं दुखायला लागलं ते थांबेचना. ती बेटावरच्या व्हाकोआ गावातल्या सरकारी शाळेत मराठी शिकवायची, शनिवारी देवळातल्या वर्गात मुलांकडून बाराखडी गिरवून घ्यायची. आता संध्याकाळ झाली की बारीक ताप यायचा, मान अवघडायची. नवरा चंद्रमोहन तिला इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, मग चंद्रमोहन एकटाच त्यांच्याशी बोलत आत थांबला. बाहेर येऊन म्हणाला, शिणवटा आहे, दुसरं काही नाही. घरी आल्यावर त्याने स्वतः तिचं डोकं चेपून दिलं. तिला बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी चंद्रमोहनच्या धाकट्या बहिणीचं, निर्मलाचं, लग्न होतं. हळदीच्या दिवशी नणंदेला हळद लावताना विद्यावतीला तिचं नावच आठवेना. पाहुण्यांत हशा झाला. चंद्रमोहनही हसला.

जुलैत ती वर्गात खुर्चीवरच झोपून गेली आणि उठवायला आलेल्या हेडमास्तरांना आपल्या मेलेल्या बापाच्या नावाने हाका मारू लागली. उत्तरेतल्या त्रियोले गावी तिच्या भावाला, तुलसीरामला, निरोप गेला. तो ऊस तसाच टाकून गाडी घेऊन आला आणि चंद्रमोहनला न विचारता बहिणीला इस्पितळात घेऊन गेला.

या वेळी पाठीतून सुईने पाणी काढलं. पाणी गढूळ होतं, पण जंतू सापडला नाही. मेंदूच्या आवरणाला क्षयाची सूज असावी, पण गाठही असू शकते, असं डॉक्टर म्हणाले. अंदाजाने औषध सुरू झालं, तरी तिची गुंगी उतरेना. मेंदूचं एम.आर.आय. केलं तर उलगडा होईल, पण ते यंत्र बेटावर नव्हतं. शेवटी तुलसीराम तिला पॅरिसला घेऊन गेला.

तिथे तिला नळीसारख्या यंत्रात सरकवलं. ठोके पडत होते, तिला वाटलं साखर कारखान्यात आणलंय. मग हातात औषध टोचून पुन्हा चित्रं काढली. मेंदूच्या तळाचं आवरण चित्रात पांढरं उजळून दिसत होतं. गाठ नव्हती. ही चित्रं आणि पाठीचं पाणी दोन्ही पाहून तिथल्या डॉक्टरांची खात्री झाली, क्षयाचा मेनिंजायटिसच. त्यांनी औषधं वाढवली. तीन आठवड्यांनी ती नीट जागी झाली. उजवा कान मात्र कायमचा गेला. सूज जुनी होती, आधी कळलं असतं तर कान वाचला असता, असं ते म्हणाले.

ती उठून बसायला लागली तेव्हा तिने आपली चित्रं पाहायला मागितली. नर्सने पाकीट आणून दिलं. चित्रांसोबत बेटावरच्या डॉक्टरांचं फ्रेंच पत्र होतं. ते तिने वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि तुलसीरामला मराठीत सांगितलं.

"चार जूनलाच आपल्याकडच्या डॉक्टरांना क्षयाच्या मेनिंजायटिसचा संशय आला होता, दादा. पाठीचं पाणी काढू म्हणाले. नवऱ्याने लेखी नकार दिला. बायको सुईला घाबरते, तीच नको म्हणते, असं त्याने सांगितलं."

 लहानपणी शाळेत पिकीर, म्हणजे सुई, टोचून घ्यायला रांगेत पहिली उभी राहिलेली बहीण तुलसीरामने पाहिली होती.

ऑक्टोबरात ती परतली. चंद्रमोहन विमानतळावर आला, तिची पिशवी त्याने कुणाला उचलू दिली नाही. घरी त्याने बुयों, पालेभाजीचं पातळ सार, तेही करून ठेवलं होतं. तिने वाटीला हात लावला नाही. पत्र टेबलावर ठेवलं.

त्याने ते वाचलं. मग म्हणाला की क्षयाचं नाव निघालं असतं तर निर्मलाचं लग्न मोडलं असतं. पंधराच दिवसांचा प्रश्न होता, नंतर तो तिला नेणारच होता.

"लग्न तर जूनमध्येच झालं," ती म्हणाली. "जुलैत दादा घेऊन गेला."

 निर्मलाच्या सासरच्यांना कळेल याची भीती लग्नानंतरही गेली नव्हती, एवढं तो पुटपुटला.

"मी शुद्धीवर होते, चंद्रमोहन. मला विचारलं असतंत तर निर्मलासाठी मी कदाचित थांबलेही असते. तुम्ही विचारलंच नाहीत. वर माझंच नाव सांगितलंत."

नवऱ्याला तिने नावाने हाक मारली ती लग्नानंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी ती त्रियोलेला भावाकडे गेली आणि उत्तरेतल्या शाळेत बदली मागून घेतली. औषधं वर्षभर चालली. निर्मला एकदा येऊन खूप रडली. तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. विद्यावतीने तिला जवळ घेतलं, जेवायला वाढलं. चंद्रमोहन दोन रविवार येऊन व्हरांड्यात बसून गेला. तिसऱ्या रविवारी त्याने तिच्या साड्यांची पेटी पाठवून दिली. तिने ती त्याच दुपारी उघडली आणि साड्या उन्हात टाकल्या.