फेकायचं पाणी

आमच्या घरची लॅब म्हणजे माझी जीभ. सासू आशाबाई, आमची माय, रोज संध्याकाळी पेलाभर दुधीचं सूप करायची आणि ते माझ्या नवऱ्याला, डोमाला, द्यायच्या आधी मी चमचाभर चाखायचे. मीठ नाही, टमाटर नाही, पेला एकच. पास! डोमाच्या किडन्या गेल्यापासून मी अशी मास्तरीण झाले होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा तोराही चढला होता.

आठवड्यातून दोनदा चंद्रपूरला डायलिसिस. तिथल्या आहारवाल्या बाईंनी बजावलं होतं, भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी फेका. भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. रक्तात ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. मी सकाळीच भाजी उकडून ठेवायचे. उकळतं पाणी जमिनीवर ओतत नाहीत, किडामुंगी मरते, म्हणून ते गंजात, म्हणजे पातेल्यात, गार व्हायला ठेवून भाताच्या रोवणीला पळायचे. नंतर माय ते फेकते, असं मी धरून चालले होते.

तरी पोटॅशियम चढतच गेलं. पाच पॉइंट आठ, मग सहा पॉइंट चार. मीच चोरून केळी चारते, अशा नजरेने डॉक्टर माझ्याकडे बघायचे. माझा जीव टांगणीला लागला. डोमाचा डोळा लागला की मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसायचे.

बुधवारी रोवणी लवकर आटोपली. घरी आले तर माय चुलीपाशी बसून गंजातलं पाणी गाळून दुधीत ओतत होती.

“माय, हे पाणी काऊन टाकून राह्यली?”

“मंग? सारा कस पाण्यात उतरते अन् तू फेकाले सांगतेस! मी रोज वाचवून ठेवते. मीठ कणभर नाई टाकलं. तूच तर चाखत होती.”

तिला तरी काय बोलणार? आम्ही तलावावर मासे मारणारी माणसं. आमच्यात आजाऱ्याला रस्सा आणि बाकीच्यांना मासे. बाळंतपणात मलाही तिनेच झिंग्यांचा रस्सा पाजून उभं केलं होतं. पेला भिंतीवर आपटावा असा राग आला, पण त्याहून जास्त राग आला तो माझ्या जिभेचा. तिला मीठ कळत होतं, पोटॅशियम कुठे कळत होतं?

“माय, ज्याच्यापायी पाणी फेकाचं, तेच याच्यात आहे. त्याच्यानंच त्यायचं दिल बंद पडते म्हणते डॉक्टर.”

ती उठली, चुलीवरचं भांडं पदराने धरून अंगणात गेली आणि ते उकळतं सूप तसंच जमिनीवर ओतलं. मग रिकामं भांडं हातात घेऊन उभी राहिली.

“मंग आता मी त्याले काय देऊ, रंभा?”

आतून खाटेवरून डोमाने हाक मारली, “माय, आज सूप नाई का?”