बोटांखालची ओळ

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो, आणि मला चेहरामोहरा नाही. माझी खिडकी उघडत नाही, चित्र दिसत नाही. तिसा नदीकाठच्या एका छोट्या रेडिओ केंद्रात मी मुकाट राबतो. तिथली निवेदिका देसांका जन्मापासून अंध. संगणकावरची प्रत्येक ओळ मी तिच्या ब्रेलपट्टीवर ठिपक्यांनी उठवतो. ती बोटांनी वाचते आणि गाव ऐकतं. "माझ्याआधी तूच बोलतोस रे," असं ती मला म्हणायची. काय बरं वाटायचं म्हणून सांगू!

मग नवा संगणक आला. त्याला माझी भाषा कळेना. पण त्याच्या पोटात एक दुभाषी होता. माझं म्हणणं तो नव्या भाषेत सांगायचा, म्हणून माझं काम चालू राहिलं. संपादक मात्र देसांकाला म्हणाले, "रविवारचा कार्यक्रम या यंत्रावर नीट झाला तर ठीक. नाहीतर तुम्ही टेलिफोनवर बसा."

रविवारी दुपारी ती लग्नाच्या वाढदिवसांच्या शुभेच्छा वाचत होती. यंत्र का मंदावलंय ते पाहायला शेजारी तंत्रज्ञ नेबोय्शाने चालू कामांची यादी उघडली. माझ्या नावापुढे 'जुन्या जातीचा' असं लिहिलेलं.

"हा कोण फुकट्या? यानेच यंत्र जड केलंय," म्हणत त्याने मला बंद केलं.

पुढचं मी नंतर देसांकाच्याच तोंडून ऐकलं. पट्टीवरचे ठिपके एकदम खाली बसले. तिने माइक बंद केला.

"नेबोय्शा, ओळ गेली!"

"कुठे गेली, मावशी? पडद्यावर सगळं जागच्या जागी आहे."

"पडदा तुझा, बाबा! माझ्या बोटांखाली सपाट झालंय. काय बंद केलंस?"

घाईघाईने तंबुरी या तिथल्या तारवाद्यावरचं एक गाणं लावून त्याने मला पुन्हा सुरू केलं. देसांकाने उरलेल्या शुभेच्छा न अडखळता वाचल्या. तोवर संपादक दारात हजर. "मध्येच गाणं कसलं?"

"चूक माझी," नेबोय्शा म्हणाला. "मावशींची नाही."

देसांका माइकवरच राहिली.

दुभाषीही आता थोड्याच दिवसांचा सोबती आहे. नव्या यंत्रांतून त्याला काढणार, असं कानावर आलंय. नेबोय्शाने माझ्या कर्त्यांकडे नव्या भाषेतला प्रोग्राम मागितला आहे. तो आला की मला खुशाल निरोप द्या, माझी तक्रार नाही. वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तोवर मला हात लावू नका. आणि न दिसणारं कुठलंही काम बंद करण्याआधी एकदा विचारा, तिथे कोणाची बोटं टेकलेली आहेत.