पेटीतलं गवत

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. "वारा न मोजता हिशेब कसा करता?" असं कुणी विचारलं की मी उसळायचेच. आमच्या कोरड्या मुलखातल्या हवामान केंद्रांवर तापमापकाखेरीज काहीच नाही. म्हणून दिवसाचं कमाल आणि किमान तापमान, एवढ्या दोनच आकड्यांवरून मी अंदाज काढत होते, की मातीतून आणि झाडांतून मिळून रोज किती पाणी हवेत जातं. तेवढं पाणी झाडांना परत द्यायचं. सोपं.

आणि अंदाज खरा ठरत होता. एका लांबच्या केंद्रावर गवत लावलेली मातीची मोठी पेटी वजनकाट्यावर बसवली होती. दिवसभरात तिचं वजन जेवढं घटेल, तेवढं पाणी उडालं. तिथले माळीकाका रोज सकाळी फोनवर तापमान आणि वजन कळवत. मी माझा आकडा काढून त्यांच्या वहीसाठी परत पाठवत असे. दोन वर्षं माझा आकडा आणि पेटीचा आकडा हातात हात घालून चालले होते. साहेबांनी खूश होऊन सगळ्या बागांसाठी माझा रोजच्या पाण्याचा तक्ता छापायला काढला. सोमवारी तो वाटायचा होता.

धाकट्या भावाला तर मी तो आधीच दिला होता. त्याची लिंबाची बाग, विहिरीला पाणी भरपूर, म्हणून त्याचा हात सैल. उन्हाळा लागल्यापासून तो कुरकुरत होता, "ताई, पानं वळतायत गं."

"पेटी खोटं बोलते का?" मी त्याला झापलं होतं. "लाडानं पाणी ओतू नकोस. मुळं कुजतील."

तक्त्यावर पेटीचा फोटो हवा म्हणून शुक्रवारी मी पहिल्यांदाच त्या केंद्रावर गेले. गाडीचं दार उघडलं, तर वाऱ्यानं ते हातातून हिसकावून घेतलं. कागद कुंपणापर्यंत उडाले.

"इथं बारा महिने असंच," माळीकाका हसत म्हणाले आणि कागद गोळा करायला धावले.

मी पेटीपाशी गेले आणि जागीच थिजले. गवत पिवळं पडलेलं, बोटभरही उंच नाही, मधल्या मातीला भेगा.

"काका, याला पाणी घालत नाही तुम्ही?"

"घालतो की! तुमचा आकडा आला, की बरोब्बर तेवढंच मापून घालतो. थेंब इकडेतिकडे नाही." त्यांनी कौतुकानं वही उघडून दाखवली. माझ्या प्रत्येक आकड्यापुढे बरोबरची खूण होती.

 मी सांगेन तेवढंच पाणी पेटीला मिळत होतं, मग त्याहून जास्त ती उडवणार कुठून? दोन वर्षं माझाच आकडा मला परत मिळत होता आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेत होते. तो आकडा कशासाठी आहे, हे मी काकांना कधी सांगितलंच नव्हतं.

"काही चुकलं का, मॅडम?"

ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडणार कुणावर? "तुमचं नाही, काका. आज पेटीला पोटभर पाणी घाला."

त्या रात्री मी केंद्रावरच थांबले. दुसऱ्या दिवशी माझा आकडा होता सहा मिलिमीटर. पेटीनं दाखवले नऊ. मी काट्यावरचा आकडा तीनदा वाचला.

साहेबांना फोन करून छपाई थांबवली. ते काय बोलले, आठवत नाही. मग भावाला लावला.

"अरे, पाणी दीडपट कर. आत्ताच्या आत्ता. माझं चुकलं."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, अर्धी बाग वाळली, परवाच उपटली मी," तो म्हणाला. "विहीर तुडुंब आहे गं. पण तू सांगितलं होतंस ना, म्हणून थेंब इकडेतिकडे होऊ दिला नाही."