गळ्यातली बाई

कापूस वेचायला बाया मिळंनात, म्हणून त्या रविवारी ग्यानोबाच्या घरची सगळी माणसं पऱ्हाटीत उतरली होती. सगळी म्हणजे बायको रुक्मिणबाई, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली बहीण धुरपता आणि दिवाळीच्या सुट्टीला लातूरच्या सासरहून आलेली लेक उज्वला. ग्यानोबाचे गुडघे धरले होते. तो धुऱ्यावर बाभळीच्या सावलीत बसून गाठोडी दाबत होता आणि कोणाची ओटी किती भरली यावर शेरे मारत होता.

पाऊस जाता जाता पुन्हा फिरला होता आणि रानात ठाण मांडून बसला होता. निम्मी बोंडं झाडावरच काळी पडली. वर वाळून पापुद्रा धरलेली जमीन पाय ठेवला की आत दबायची आणि चपलेला किलो-किलोची माती लागायची. कापूस ओढला की बोंडाचं टोक बोटात घुसायचं. दुपारपर्यंत उज्वलाची नखं दुखायला लागली.

"प्रोफेसरीनबाई, कापूस येचायलीस का पुस्तकाची पानं उलटायलीस?" धुरपता आत्या म्हणाली. "मपली दुसरी ओटी भरली."

"तुझ्या ओटीत निम्मा पाचोळा हाय, आत्या."

"पाचोळ्याला काय वजन नसतं?"

रुक्मिणबाई गालात हसली. ती बोलायची कमी. आज तर जास्तच कमी बोलत होती. मधेच थांबायची, डावा हात झटकायची आणि पुन्हा झाडात वाकायची.

"काय झालं मावशी?" उज्वलानं विचारलं. रुक्मिणबाईला ती मावशीच म्हणायची.

"मुंग्या येऊन राहिल्या हाताला. रात्री अंगाखाली आला असंल."

"उद्या लोह्याला दाखवू दवाखान्यात."

"कापूस घरात येऊ दे. मग दवाखाना कुठं पळून जातो का?"

सगळे सावलीला आले. रुक्मिणबाईनं फडकं सोडलं. भाकर, पिठलं, ठेचा. तिनं भाकरीचा एक कुटका मोडला, पिठल्यात बुडवला, गळ्यातल्या चांदीच्या टाकाला लावला आणि धुऱ्यावरच्या दगडावर ठेवला.

"मोठ्या बाई, जेवा," ती हळूच म्हणाली. मग सगळ्यांना वाढलं.

त्या टाकावर, चांदीच्या ठसवलेल्या पत्र्यावर, होती ग्यानोबाची पहिली बायको, तुळजाबाई. उज्वला अंगावर पीत होती तेव्हाच ती कावीळ होऊन गेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, घास आधी तिला द्यायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, ही जुनी रीत. गावात आणखीही बायांनी ती केली होती. पण वर्ष-दोन वर्षं पाळून त्यांनी टाक देव्हाऱ्यात ठेवून दिले आणि दोरा मोकळा केला. रुक्मिणबाईनं कधी काढला नाही. न्हाताना नाही, बाजेवर पडताना नाही.

"मावशी, तुझे देव तरी किती गं," उज्वला म्हणाली. तिला मावशीला बोलतं करायचं होतं. "देव्हाऱ्यात खंडोबा, रेणुका, भवानी, बाळकृष्ण. शेतात म्हसोबा. वेशीला मरीआई. वरून ही गळ्यात. एकच कुणीतरी धर की."

"एकच धरला अन् त्यो कामात असला, मंग?"

ग्यानोबाला हसताना ठसका लागला.

"हसू नका," रुक्मिणबाई म्हणाली. "हिच्या कॉलेजात एकच मास्तर समदं शिकवतो का? खंडोबा जितराबाचं बघतो, सटवाई लेकराचं, मरीआई रोगराईचं. माहूरची आई समद्यावर ध्यान ठिवती. त्येंच्या मागं कुणी एकच असंल बी. मपली त्येची वळख न्हाई. जो दाराशी येतो त्येला भाकर द्यावी."

"आन् ही कशाचं बघती?" उज्वलानं टाकाकडं बोट केलं.

रुक्मिणबाईनं टाक मुठीत धरला. "ही तुपलं बघती," ती म्हणाली.

उज्वला कॉलेजात इतिहास शिकवायची. माणसाचा देव कसा होतो, लढाईत पडलेल्याचा वीर कसा होतो, बाळंतपणात गेलेल्या बाईची जागा गावाच्या बाहेर कशी लागते, यावर ती न अडखळता तासभर बोलू शकायची. पण आता त्या मुठीकडं बघत तिनं भाकर खाल्ली.

संध्याकाळी तिनं लातूरहून आणलेलं हिरवं इरकली लुगडं बाहेर काढलं. रुक्मिणबाईनं काठावरून हात फिरवला. डाग लागू नये म्हणून हात पदराला पुसून पुन्हा फिरवला. मग लुगडं टाकासमोर धरलं आणि घडी देव्हाऱ्यापुढं ठेवून दिली.

"आता नेस की."

"आज मोठ्या बाईंचं. उद्या मपलं."

सकाळी पाण्याच्या चुलीपाशी भांडं पडल्याचा आवाज आला. उज्वला धावत गेली तेव्हा रुक्मिणबाई भिंतीला टेकून बसली होती. हातातलं चिपाड अजून जळत होतं. उज्वलानं आधी ते काढून चुलीत घातलं. मग तिला हाका मारल्या. ती गेली होती.

लुगडं तिला नेसवलं. ते आत्यानं नेसवलं.

शेवटची अंघोळ घालायच्या आधी आत्यानं तिच्या मानेमागची गाठ सोडायला घेतली. इतक्या वर्षांची गाठ सुटेना. शेवटी कात्री लावली. टाक उज्वलाच्या हातावर ठेवून ती म्हणाली, "ही तुपली माय. सांभाळ."

उज्वलानं आपल्या आईचा फोटो कधी पाहिला नव्हता, कारण फोटो काढलाच नव्हता. हा टाकही तिनं कधी हातात घेतला नव्हता. तिनं तो उजेडाकडं धरला. कडेला ठिपक्यांची ओळ होती, खाली नेसूच्या निऱ्या होत्या. तोंडाच्या जागी काहीच नव्हतं. नाक, डोळे, कुंकू, सगळं झिजून सपाट झालं होतं. रोज दोन वेळा घास लावून, रोज न्हाऊ घालून, रोज अंगठ्यानं पुसून रुक्मिणबाईनं सवतीचं तोंड गुळगुळीत करून टाकलं होतं.

लहानपणी उज्वला एकदा रुक्मिणबाईला माय म्हणाली होती. शेजारच्या पोरी म्हणायच्या म्हणून. आत्यानं तिला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "तिला माय म्हणू नगंस. गळ्यातली ऐकती. दुसरीला माय म्हणलं की पहिली रुसून घर सोडती." रुक्मिणबाईनंही ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना ती म्हणाली, "मावशीच म्हण. बरं लागतं." गाव कौतुकानं म्हणायचं, माय मरो आन् मावशी उरो, हे ग्यानोबाच्या घरी बघावं. उज्वला मोठी झाली, शिकली, रुसणाऱ्या देवांवरचा विश्वास गेला. हाक तीच राहिली. ज्याच्यावर विश्वास नाही त्याची भीती मात्र राहते, हे तिनं कोणत्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. ओसरीवर तिघंच उरली आणि ग्यानोबानं विषय काढला.

"हिचा टाक करावा म्हणतो. देव्हाऱ्यात बसवू."

आत्यानं तांदूळ निवडता निवडता मान वर केली नाही. "कोणासाठी?"

"कोणासाठी म्हंजी?"

"दादा, मी वाईट म्हणून बोलून न्हाई राहिले. वैनीनं मला रांड म्हणून कधी पंगतीतून उठवलं न्हाई, ते मी मरंपर्यंत इसरणार न्हाई. पण टाक म्हंजी काय शोभेची वस्तू हाय? टाक बसवला की त्येला खायला लागतं. ज्याच्या मागं लेकरू, त्येचा टाक. उद्या तू अन् मी गेलो की तिला निवद कोण दाखवील? उपाशी टाक घराला लागतो."

"उज्वला हाय की."

"उज्वला सासरची. आन् ती तुळजाची. देवाघरी रगताचं चालतं, दादा."

ग्यानोबा काठीच्या टोकानं ओसरीचं सारवण उकरत बसला. "मंग असंच जाऊ द्यायचं का तिला?" तो म्हणाला. "देव्हारा तिनं सांभाळला. समद्यांचं केलं तिनं. आन् तिलाच जागा न्हाई?"

"म्या कुठं जागा अडवली," आत्या म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "रीत अडवती."

उज्वलाला खूप बोलता आलं असतं. रीती कशा बदलतात, कोणी कशा बदलल्या. तिनं उठून सुपातला अर्धा तांदूळ आपल्यापुढं ओढला आणि निवडायला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मंगळवारी लोह्याचा बाजार हाय. जाऊ आपण सोनाराकडं. तो काय म्हणतो बघू."

"मी येते," आत्या म्हणाली. "न्हाईतर तुम्ही बाप-लेक कायबी करून याल."

दयानंद सोनाराचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. आताशा लोक पैंजण नि अंगठ्या मोठ्या दुकानांतून घ्यायचे. त्याच्याकडं राहिले होते देव. पंचक्रोशीतले देव्हाऱ्यातले टाक तोच करायचा. त्यानं ग्यानोबाला आधार देऊन पायरी चढवली, पाणी दिलं, कोण गेलं ते विचारलं आणि "आमच्या दुकानात पाय लागले होते त्या माउलीचे," असं म्हणून हात जोडले. मग धंद्याचं बोलायला लागला.

"आधीच्या बाईंचा टाक आणलाय का? मापाला मिळता करू. देव्हाऱ्यात शेजारी बसायचंय त्यांना."

उज्वलानं पर्समधून रुमाल काढला, सोडला आणि टाक काचेवर ठेवला. सोनारानं भिंग लावलं.

"घासून पार पाणी झालंय. हा माझ्या बापाच्या हातचा. असं करा, हा आटवून दोघींचा मिळून एकच घडवतो. मधी मालक, दोन्ही अंगाला दोघी. खंडोबाला न्हाईत का म्हाळसा अन् बाणाई?"

"मी अजून जिता हाय, बाबा," ग्यानोबा म्हणाला.

"माफी करा, मालक. सवयीनं बोललो."

आत्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

"तो आटवायचा न्हाई," उज्वला म्हणाली. "तो जसा हाय तसाच राहील. हिचा वेगळा करा."

सोनारानं बिस्किटाचा जुना डबा उघडला आणि ठसे काचेवर मांडले. काळे पितळी तुकडे, प्रत्येकात उलटं कोरलेलं माणूस. घोड्यावरचा वीर. जोडपं. एकटी उभी बाई. त्यानं त्यातले दोन पुढं सरकवले.

"सवाष्ण गेल्या, म्हंजी ह्या दोहोंतला एक. हा बघा, कडेवर लेकरू हाय. आन् ही मोकळ्या हाताची. ह्यांना काय होतं?"

बाहेर बसचा भोंगा वाजत होता. ग्यानोबानं मान खाली घातली.

"मोकळ्या हाताची," आत्या म्हणाली. टोचून नाही, थकून. "पोटाला आलं न्हाई काही तिच्या."

"मंग हाच," सोनार म्हणाला. "वाईट नका वाटून घेऊ. पण देवापुढं खोटं घालता येत न्हाई. ज्याला जे होतं तेच कोरावं लागतं. फक्त एक इचारतो, हिचं रोजचं करणारं कुणी हाय ना मागं? न्हाईतर मी टाक करून देत न्हाई. मपल्या हातून उपाशी देव नको."

त्यानं मोकळ्या हाताचा ठसा उचलला. त्यावर चांदीचा पत्रा धरून अंदाज घेतला. बाई उभी होती, दोन्ही हात अंगाला लागून, बोटं खाली सुटलेली. उज्वला त्या हातांकडं बघत राहिली. डावा हात झटकत पऱ्हाटीत वाकणारी रुक्मिणबाई तिला दिसली. वेणी घालताना केस ओढू नयेत म्हणून मुळाशी धरून ठेवणारा हात. रात्री तापात कपाळावर ठेवलेला, शेणाचा वास येणारा हात. त्या हाताला मोकळं म्हणणारं या दुकानात कुणी खोटं बोलत नव्हतं. उज्वलाच्याच तोंडून ऐकलेली 'मावशी' ही हाक सगळे खरी मानत होते.

काचेवर तिची आई पडली होती, तोंड नसलेली.

"मोकळा नका घेऊ," उज्वला म्हणाली.

आत्यानं तिच्याकडं बघितलं. मग काचेवरच्या टाकाकडं बघितलं. "उज्वला," ती हलक्या आवाजात म्हणाली, "जपून, बाई."

"लेकरू हाय तिला."

ग्यानोबानं काठीवरचं डोकं उचललं. सोनाराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं हातातला ठसा ठेवून दुसरा घेतला आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"असं सांगा की मंग. पोरगा का पोरगी? पोरगी असली तर झबल्याला टिकली मारून देतो."

"पोरगी," उज्वला म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला, पण तो तिनं खाली आणला नाही. "मी हाय. रुक्मिणबाई मपली माय होती. तिचं रोजचं मी करीन."