‘थांबा’ नावाचं काम

आमच्या ऑफिसात प्लॅनिंगचं नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा साहेब नवरदेवासारखे मिरवत होते. आणि चालू बांधकामाचं अख्खं वेळापत्रक जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात न्यायचं झेंगट माझ्या गळ्यात पडलं. साहेबांच्या मते त्यात काय, एक बटण दाबायचं. स्वतःला करायचं नसलं की सगळंच सोपं.

प्रत्यक्षात जुन्यातून फाइल काढायची, नव्यात ओतायची आणि मग दोन स्क्रीन शेजारी ठेवून डोळे फुटेस्तोवर ताडून बघायचं. कुठे सुट्ट्या हरवतात, कुठे एका कामाची दोन होतात, कुठे कोणामागून कोण हा क्रमच तुटतो. नवं सॉफ्टवेअर भलतंच नखरेल होतं. त्याला जे पटेना, ते न सांगता सवरता टाकून द्यायचं.

फाइल ओतली आणि इमारत ठरल्यापेक्षा दोन महिने आधीच पूर्ण होऊ लागली. साहेब हरखले. माझं ताडून व्हायच्या आतच त्यांनी नवी तारीख मालकांना कळवूनही टाकली. मला मात्र धडकी भरली. इतकी वर्षं या धंद्यात आहे, इमारत उशिरा झालेली पाहिली आहे, आपणहून लवकर झालेली एकही नाही.

घोळ सापडला तो एका शब्दात. माझ्या आधी इथे जे प्लॅनर होते, त्यांना सगळे काका म्हणायचे. काकांची एक खोड होती. स्लॅब ओतल्यावर तो खालच्या टेकूंवर पुरता पक्का व्हायला जो वेळ द्यावा लागतो, तो ते एक वेगळं काम म्हणून मांडायचे आणि त्याला नाव द्यायचे ‘थांबा’. त्या कामावर माणूस नाही, मशीन नाही, खर्च नाही. नव्या सॉफ्टवेअरच्या हिशेबी ज्यावर कोणी राबत नाही ते कामच नव्हे. प्रत्येक मजल्यावरचं ‘थांबा’ त्याने गाळून टाकलं होतं. आज स्लॅब ओता, उद्यापासून टेकू काढा, असं ते वेळापत्रक बिनदिक्कत सांगत होतं.

मी प्रत्येक ‘थांबा’ हाताने परत घातलं आणि फाइल साहेबांना दाखवली.

“तारीख परत पुढे गेली की हो,” साहेब म्हणाले.

“ती तिथेच होती, साहेब. मधले दिवस गळाले होते.”

“अहो, काका घाबरट होते. हल्लीचं सिमेंट काय तसं राहिलंय? एक दिवस कमी वाटत असेल तर थोडे वाढवा, ते दुसरीकडे भरून काढा. पण मालकांना दिलेली तारीख हलता कामा नये.”

थोडे म्हणजे किती, हे त्यांनीच ठरवलं. ते पुरेसे नव्हते. तसंच वेळापत्रक साइटवर गेलं.

त्या साइटवर सेंट्रिंगचा मुकादम माझा सख्खा दादा होता. टेकू लावणं आणि काढणं त्याच्याच टोळीकडे. मी त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“म्हणजे काढू नको म्हणतेस?”

“नको काढूस. माझं ऐक, दादा.”

“बरं. तू म्हणतेस ना, मग झालं.”

एवढंच. दुसरा प्रश्न नाही, कुरकुर नाही. दुसऱ्या दिवशी त्याने टेकू काढायला साफ नकार दिला आणि संध्याकाळी त्याला घरी बसवलं. टोळीतल्या पोरांना पोटं होती. ती नव्या मुकादमाच्या हाताखाली कामाला लागली आणि टेकू निघाले.

स्लॅब जागचा हलला नाही.

वरचाही नाही, त्याच्या वरचाही नाही. साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, “बघितलंत? उगाच घर डोक्यावर घेतलं होतंत.” पुढच्या सगळ्या इमारतींच्या वेळापत्रकांत ‘थांबा’ घालायचं नाही, असा हुकूम निघाला आणि ते काढायचं कामही मलाच दिलं. मी काढलं. नोकरी मलाही हवी होती. फक्त साइटवरून फोन आला की स्लॅब पडला असंच वाटायचं, आणि तो सिमेंटच्या गोण्यांबद्दल निघाला की जरा निराशाही व्हायची. ती कसली, हे कळायला मला बरेच दिवस लागले. कळल्यावर स्वतःचीच किळस आली.

एका रविवारी दादाकडे गेले. वहिनीने पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि तशीच आत निघून गेली. दादाला अजून काम मिळालं नव्हतं. ज्याने एकदा नाही म्हटलं त्याला मुकादम म्हणून कोण घेणार? दाढी वाढली होती. खिडकीशी बसून तो उगाच नखं कुरतडत होता.

“कितव्या मजल्यावर आलेत?” त्याने विचारलं.

“सातव्या.”

“अरे वा.” मग नखं कुरतडायचं थांबवून म्हणाला, “खरंच पडला असता का गं?”

मला माहीत नव्हतं. ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून तर दिवस राखायचे असतात. पण त्याच्या त्या चेहऱ्याकडे बघून माझा तोल गेला.

“अजूनही पडेल,” मी म्हणाले. “पडायलाच हवा एकदा. त्याशिवाय या लोकांचे डोळे उघडायचे नाहीत. तुला हात जोडून परत बोलावतील.”

दादा माझ्याकडे बघतच राहिला. लहानपणीसुद्धा त्याने माझ्याकडे कधी असं बघितलं नव्हतं.

“असं बोलू नकोस गं,” तो हळूच म्हणाला. “खाली माझी पोरं असतात.”