टिपरला दाखवलेला रस्ता

"बघ रे टिपरा, डावीकडसून म्हस येता हा," सुमनने मांडीवरच्या पिल्लाला सांगितलं, आणि मधुकरने ब्रेक दाबला.

म्हैस खरोखरच आली. इब्रामपूरच्या वळणावर ती व्हॅनपुढून अशी गेली, जणू रस्ता तिच्या माहेरचा होता. मागच्या सीटवर मुलगा तुषार, सून रेश्मा आणि पाच वर्षांची नात अंकिता खो-खो हसली.

"आई, त्या कुत्र्याक काय कळता म्हस म्हणजे काय ता?" तुषारने विचारलं.

"मगे शिकवूक नको? तुका शिकवूक उशीर झालो, म्हणान ह्येका आत्तापासून."

पिल्लू दीड महिन्याचं होतं. खाणी बंद पडल्यापासून मधुकरचा टिपर ट्रक डिचोलीत एका आवारात उभा होता, आणि त्याच्या चाकांमधल्या सावलीत एक कुत्री व्याली. अठ्ठावीस वर्षं खनिज वाहिल्यावर मधुकरने घरी आणलेला हा एवढाच माल. नाव अर्थात ट्रकचंच.

आज हळर्णचा किल्ला आणि मग हरमलचा समुद्र, असा अंकिताचा हुकूम होता. टिपरला समुद्र दाखवायचा होता.

गाडीतली एक गोष्ट मात्र दोघांनाच ठाऊक होती. मधुकरच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू होता. नाकासमोरचं दिसेल, डाव्या बाजूचं दिसणार नाही, असं म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मधुकरच्या मते नाकासमोर बघून चालणाऱ्या माणसाला एवढं भरपूर होतं. सोमवारपासून तो शाळेची बस चालवणार होता. शाळेच्या बाईंनी लायसन तपासलं होतं, डोळे नाही. बसची चावी आजही त्याच्या शर्टाच्या खिशात होती. दर मैलाला तो ती चाचपून बघे.

"पोरां आसत ती," सुमन एकदाच म्हणाली होती. मग काल रात्री म्हणाली, "आदी आमका हरमलाक नेऊन हाडा. मगे सोमवारचा बघूया."

एरवी मागे बसणारी सुमन आज पुढे बसली, पिल्लू मांडीवर घेऊन. निघाल्यापासून तिने टिपरला डावीकडचा एकेक सजीव ओळखून दाखवला. मधुकरने तसं सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. स्वतः मान वळवून बघता आलं असतं, पण मान वळवली की कबुली झाली. तो ताठ बसून बायकोचं बोलणं ऐकत होता, जे त्याने लग्नानंतर एवढं लक्षपूर्वक कधी ऐकलं नव्हतं.

चांदेलची शेतं गेली. किल्ला झाला. किल्ल्यावर टिपरने एका तोफेच्या तोंडात डोकं घालून बघितलं आणि पोर्तुगीज गेल्याची खात्री करून घेतली. परत गाडीत बसल्यावर त्याने सुमनच्या नव्या साडीवर सगळी न्याहारी ओकून टाकली.

"आजी, माका दी त्येका!" अंकिताने पिल्लू मागे ओढून घेतलं.

सुमनची मांडी रिकामी झाली.

तिने तोंड उघडलं, मिटलं. कोणाला सांगणार? एक स्कूटर डावीकडून घासून गेली. मधुकरला ती पुढे गेल्यावरच दिसली. सुमनने दाराचा दांडा घट्ट धरला. मागे अंकिता टिपरला गाणं म्हणून दाखवत होती.

पेडणे जवळ आलं. कुठून तरी पोंऽ पों आवाज आला. चार वाजताचा पोदेर, पाव विकायला सायकलवर निघालेला. आवाज ऐकू येत होता, पण कुठून ते कळेना. समोर रस्ता लख्ख मोकळा होता. मान वळवायची की नाही, एवढाच प्रश्न होता. मधुकरने वळवली नाही.

"अहो!" सुमन किंचाळली. सकाळपासून पहिल्यांदा त्याला.

व्हॅन थांबली. आरशाला पोदेराची टोपली लागून सायकल आडवी झाली होती, पाव रस्ताभर. पोदेर, बाबली, उठून गुडघा झाडत होता.

"कितें रे दादा, हांव दिसलों ना तुका? इतलो पों पों करतां!"

तुषार दार उघडून धावला. "तूच मधी इलंस! माजो बापूस अठ्ठावीस वर्सां गाडी चालयता. एक ओरखडो नाय!"

बाबली गांगरला. डोक्यामागे हात नेऊन म्हणाला, "आयलों आसतलों बाबा... मातसो भितर आयलों आसतलों..."

चूक घ्यायला माणूस तयार होता. मधुकरला नुसतं गप्प बसायचं होतं.

तो खाली उतरला. "तेची चूक नाय," तो म्हणाला. "माका दिसलो नाय. डाव्या बाजूचा माका काय दिसना नाय."

मधुकर वाकून पाव गोळा करू लागला. एकेक फुंकून टोपलीत ठेवला. डावीकडचे राहिले; ते बाबलीने उचलले.

मग मधुकरने व्हॅनची चावी रेश्माच्या हातात दिली. ड्रायव्हरच्या पोराने ड्रायव्हर व्हायचं नाही म्हणून तुषारला त्याने कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. सुनेला शिकायला कोणाची परवानगी लागली नव्हती.

"आणि सोमवारचा, बाबा?" तिने हळूच विचारलं.

"सोमवारी शाळेत जातंय. त्येंची चावी देऊक."

तो मागे बसला. सुमनही पुढून उठून त्याच्या शेजारी आली. अंकिताने, कोणी न सांगता, टिपरला आजोबांच्या मांडीवर ठेवलं. पिल्लू तिथे दोनदा फिरलं आणि झोपलं. मांद्रे मागे पडलं.

मग माडांमधून निळं काही चमकलं.

"बघ रे टिपरा," सुमन म्हणाली, "डावीकडे दर्या इलो."

टिपर घोरत होता. मधुकरने आपली मान पूर्ण डावीकडे वळवली आणि बघितलं.