खंड्याची उशी

चर्चमधली खंड्या पक्ष्याची उशी नाहीशी झाली, तेव्हा हिल्डा कॅचपोलला चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. लंडनहून येऊन जमीनदाराची हवेली विकत घेणारी मिसेस ऑलरॉइड, दुसरं कोण? हवेलीच्या बागेच्या फाटकातून रोज दुपारी चर्चमध्ये यायची, तीही भलीमोठी पिशवी घेऊन. प्रार्थनेला पिशवी कशाला लागते?

प्रार्थनेला गुडघे टेकायच्या त्या उशांवर गावातल्या बायकांनी लोकरीचं भरतकाम केलं होतं. निळा खंड्या हिल्डाच्या बहिणीने, एनिडने भरलेला. शेवटच्या आजारात एनिड रोज एकटीच चर्चमध्ये जाऊन बसायची. घरात जीव घुसमटतो म्हणायची. म्हणून तर चर्चची देखरेख हाती आल्यापासून हिल्डाने दिवसा दाराला कुलूप लागू दिलं नव्हतं. छपरावरचे शिशाचे पत्रे चोरीला गेले, तेव्हाही कुलूप नको म्हणून ती पाद्रीसाहेबांशी भांडली होती.

हिल्डा हवेलीवर चहाला गेली. उशीचं सरळ विचारावं? छे, तसं त्या गावात कोणी विचारत नाही.

"यंदा गारठा फारच लांबला," ती म्हणाली.

"हो ना. गुलाबांचं काही खरं नाही बाई."

तेवढ्यात सोफ्याखाली निळ्या लोकरीचा धागा दिसला. हिल्डाला पुढे केक गिळवेना. ती तडक पाद्रीसाहेबांकडे गेली.

"कुलूप लावा."

"हे तुम्ही म्हणताय?"

"मीच म्हणतेय. किल्ली माझ्याकडे राहील."

शनिवारी ती फुलं घेऊन चर्चला आली, तर बंद दारापाशी मिसेस ऑलरॉइड बसलेली. मांडीवर खंड्याची उशी. उंदरांनी कुरतडलेला पंख कोऱ्या निळ्या लोकरीने पुन्हा भरलेला.

"तुम्हाला चकित करायचं होतं," ती म्हणाली. "चहाला आलात तेव्हा घाईघाईने सोफ्याखाली सारली." मग दाराकडे बघत म्हणाली, "हे दार उघडं असायचं ना हो? आमचे हे गेल्यापासून घर खायला उठतं. इथे तासभर बसलं की बरं वाटायचं."

एनिडही असंच म्हणायची. हिल्डाला स्वतःची भयंकर लाज वाटली. खिशातली किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती, पण ती बाहेर काढली की कुलूप कोणाचं ते त्या बाईला कळणार; हात काही धजेना.

"गारठा आहे बाहेर," ती कशीबशी म्हणाली.